तात्यांचा पिवळा मीटर

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. गाव म्हणजे तेलगाव, तालुका धारूर, जिल्हा बीड. बीडहून परळीला जाताना वडवणी मागे पडलं की एक चौक लागतो, जिथून एक रस्ता माजलगावला आणि एक धारूरला जातो, ते आमचं गाव. साखर कारखाना आहे, त्यामुळे सीझनला उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगा आणि एरवी चौकात चहा पीत उभी असलेली माणसं. पुण्यात ऑफिसात कुणी विचारलं तर हल्ली मी नुसतं 'बीड' सांगून मोकळा होतो. असो.

घरी पोचलो तर तात्या (माझे चुलते) ओट्यावर ट्रॅक्टरची बॅटरी काढून बसलेले. हातात तळहाताएवढा पिवळा मल्टीमीटर. मधोमध काळा नॉब, खाली तीन भोकं, त्यातून निघालेल्या लाल-काळ्या वायरी. तुम्ही पाहिला असेलच. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला ढिगाने लावलेला असतो तोच.

"बरं झालं आलास," तात्या म्हणाले. "बाजारात दोनशेला मिळाला. आकडे तर दाखवायलाय, पण खरे दाखवायलाय का खोटे, ते कळंना."

"पण तुम्हाला कशाला लागतोय मीटर?"

"बोअरची मोटर वर्षात दोनदा जळाली की! भरून देणारा म्हणतो, व्होल्टेज कमी हाय. लाईनमन म्हणतो, व्होल्टेज बरोबर हाय, तुमची मोटरच खराब. आता दोघांत खरं कोण बोलायलंय ते बघाय नको का?"

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे टेस्ट फेल झाली की चूक कोडमध्ये आहे की टेस्टमध्येच, यावर अख्खी दुपार जाते. तात्यांचा प्रश्न नेमका तोच होता. मोटरची परीक्षा घेणार मीटर, पण मीटरची परीक्षा कोण घेणार? म्हटलं, हे काम आपलं. सुट्टी संपल्यावर तो मीटर पुण्याला घेऊन गेलो, आणि त्याचा निकाल लावता लावता त्याच्या खानदानाचा इतिहासही वाचत बसलो. आजचा लेख त्याच्यावर.

आता मीटर येण्याआधी तात्यांकडे मोजायला काहीच नव्हतं असं नाही. बल्ब होते. स्टार्टरच्या पेटीशेजारी दोनशे वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडून टांगलेले. दोनच का, तर दोन फेजच्या मध्ये ४१५ व्होल्ट असतात, एकटा बल्ब लावला तर लगेच उडतो. बल्ब लख्ख पेटले तर मोटर टाकायची, तांबडे दिसले तर थांबायचं. आमच्या भागात शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं व्होल्टेज असंच मोजलंय, डोळ्यांनी. अडचण एवढीच की तोच बल्ब भर दुपारी उन्हात तांबडा वाटतो आणि रात्री लख्ख. शिवाय अर्जात 'बल्ब तांबडा पेटतो' असं लिहून देता येत नाही. लिहिलं तरी वाचणारा हसतो.

आणि व्होल्टेज कमी असेल तर मोटर जळते म्हणजे नेमकं काय होतं? पाणी वर चढवायचं काम तेवढंच राहतं, दाब मात्र कमी मिळतो. मग मोटर ते काम उरकायला जास्त करंट ओढते. आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट. शिवाय मोटरचा जोर (टॉर्क) व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, त्यामुळे सुरू होतानाच ती घुरघुरत बसते. दोन-चार आठवडे असं चाललं की वाइंडिंगचं वॉर्निश करपतं आणि एक दिवस पाण्याऐवजी वास येतो.

गंमत म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर परळीचं औष्णिक वीज केंद्र आहे. १९७१ साली तिथे ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला, पुढे २१० आणि २५० मेगावॅटचे आले. २०१३च्या दुष्काळात थंड करायला पाणीच उरलं नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. लहानपणी परळीला वैजनाथाच्या दर्शनाला जाताना त्याच्या चिमण्या दिसल्या की मला वाटायचं, इथून सरळ आमच्या शेतात वायर येत असणार. तसं काही नसतं. तिथली वीज मोठ्या लाइनवर चढते, कुठल्या कुठे जाते, आणि आपल्याकडे येते ती गावाबाहेरच्या डीपीवरून. त्या डीपीवर किती मोटरी आहेत आणि तिथून तुमचं शेत किती लांब आहे, यावर तुमचं व्होल्टेज ठरतं. तात्यांचं शेत लाइनच्या शेवटच्या टोकाला. म्हणजे पंगतीत शेवटच्या पानावर बसलेल्या पाहुण्यासारखं :-)

तर आता इतिहास.

१८२० साली कोपनहेगनच्या ओर्स्टेड या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की तारेतून वीज गेली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. त्याच वर्षी जर्मनीत श्वायगरने त्या तारेचे बरेच वेढे सुईभोवती गुंडाळले, तर सुई तेवढ्याच विजेवर जास्त हलली. झालं, वीज 'दिसायला' लागली. या यंत्राला पुढे इटलीच्या गॅल्व्हानीवरून गॅल्व्हानोमीटर म्हणू लागले. पण ही सुई फार हळवी. शेजारून कुणी लोखंडी वस्तू नेली तरी बिथरायची, आणि पृथ्वीचं चुंबकत्व तिला सारखं उत्तरेकडे ओढायचंच.

यावरचा उपाय १८८२ साली फ्रान्समधल्या दार्सोनव्हालने काढला. त्याने भूमिकांची अदलाबदल केली. चुंबक भक्कम आणि स्थिर, हलणार ती तारेची गुंडाळी. अमेरिकेत एडवर्ड वेस्टन नावाच्या माणसाने याच कल्पनेवर कुठेही उचलून नेता येईल असा काट्याचा मीटर बनवला आणि १८८८ साली त्याची कंपनी काढली. वेस्टनचं दुसरं काम मला जास्त आवडतं. मीटर केले, पण ते कशाशी ताडून बघायचे? तात्यांचाच प्रश्न. म्हणून त्याने १८९३ साली एक सेल बनवला ज्याचं व्होल्टेज वर्षानुवर्षं जवळजवळ तेवढंच राहतं, २० अंशांना १.०१८३ व्होल्ट. १९११पासून १९९०पर्यंत जगाने व्होल्ट या सेलवरून ठरवला. पुढे जोसेफसन परिणामावर आधारलेलं मानक आलं. आज आपल्याकडच्या एखाद्या मीटरवर कॅलिब्रेशनचं स्टिकर दिसतं ना, त्यामागे एक साखळी असते. तो मीटर त्याहून चांगल्या मीटरशी ताडलेला, तो अजून चांगल्याशी, असं करत करत ती दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीपर्यंत जाते. देवळातल्या गुरुपरंपरेसारखंच.

मल्टीमीटर मात्र कुणा शास्त्रज्ञाने काढलेला नाही. तो एका वैतागलेल्या कामगार माणसाने काढला. डोनाल्ड मॅकाडी हा ब्रिटिश पोस्ट खात्यातला इंजिनिअर. तेव्हा टेलिफोन पोस्टाकडेच होते. लाइनची दुरुस्ती करायला जाताना अँपिअरला एक यंत्र, व्होल्टला दुसरं, रोधाला तिसरं असं बोचकं घेऊन फिरावं लागायचं. त्याने तिन्ही एकाच पेटीत घातली, आणि अँपिअर, व्होल्ट, ओहम यांच्या आद्याक्षरांवरून १९२३ साली बाजारात आला तो 'ॲव्होमीटर'. त्याचं आठवं मॉडेल १९५१ साली निघालं आणि सुधारणा होत होत २००८पर्यंत बनत राहिलं. आपल्या कुठल्या सॉफ्टवेअरला सत्तावन्न वर्षं आयुष्य मिळालंय सांगा! या ॲव्होमध्ये एक गोष्ट होती जी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चुकून भलतीकडे जोडला आणि काटा जोरात धडकला, तर आतला कट-आउट टक्क करून उडायचा आणि सर्किट तोडायचा. म्हणजे माणूस चुकणार हे बनवणाऱ्याने आधीच धरलेलं होतं.

आपल्याकडे ही गोष्ट कशी आली? इथे नाशिक येतं. १९०९ साली सिंधमधल्या सक्करला ग्यानचंद मोटवाने यांनी विजेच्या सामानाचा धंदा सुरू केला, तो कराचीमार्गे मुंबईत आला. 'शिकागो रेडिओ' हे नाव जुन्या फोटोंत माइकवर वाचलं असेल, ते यांचंच. १९३१च्या कराची काँग्रेसमध्ये गांधीजींचा आवाज यांच्याच लाउडस्पीकरवरून लोकांपर्यंत गेला होता. याच घराण्याच्या नाशिकरोडच्या कारखान्यात पुढे मल्टीमीटर बनू लागले. आयटीआय किंवा पॉलिटेक्निक केलेल्या कुठल्याही काकांना 'मोटवानेचा मीटर' एवढं म्हणा आणि त्यांचा चेहरा बघा. १९८२ साली नाशिकलाच ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स निघाली, तीही मीटरचीच. द्राक्षं आणि कुंभमेळा यांच्या गर्दीत नाशिकचं हे काम कुणी सांगत नाही.

माझी आणि काट्याच्या मीटरची भेट कॉलेजच्या लॅबमध्ये झाली. एक मीटर, कपाटात, कुलपात. वर्गातली मुलं साठ. सर तो बाहेर काढायचे आणि आधी दोन नियम म्हणून घ्यायचे. पहिला, किती व्होल्ट आहेत माहीत नसेल तर सगळ्यात मोठ्या रेंजवरून सुरुवात करायची. दुसरा, काम झालं की नॉब व्होल्टच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर ठेवायचा आणि वायरी मूळ जागी लावायच्या, कारण पुढचा माणूस न बघताच जोडणार आहे. आम्ही तेव्हा हसायचो. मीटर महाग होता, म्हणून सर त्याला जपतायत असं वाटायचं.

तो महाग होता याचा अजून एक अर्थ होता. मीटर ज्याच्याकडे, शब्द त्याचा. गावात वायरमन सांगेल ते व्होल्टेज. तो म्हणाला बरोबर आहे तर बरोबर. तुमच्याकडे बल्ब, त्याच्याकडे आकडा. वाद घालणार कसा?

आता काट्याकडून आकड्यांकडे येऊ. पहिला डिजिटल व्होल्टमीटर १९५२ साली कॅलिफोर्नियात अँड्र्यू के यांच्या नॉन-लिनिअर सिस्टिम्स या कंपनीने बनवला. (याच के साहेबांनी पुढे १९८२ साली 'केप्रो' नावाचा उचलून नेण्याचा कॉम्प्युटर काढला, त्यामुळे ते आपल्याही बिरादरीतले.) ते मीटर मोठे, टेबलावरचे, प्रयोगशाळांसाठी. सामान्य माणसापर्यंत ही गोष्ट आली ती १९७७च्या सुमाराला, इंटरसिल कंपनीच्या आयसीएल ७१०६ या चाळीस पायांच्या चिपमुळे. मोजणं, आकड्यात बदलणं आणि एलसीडीवर दाखवणं, सगळं त्या एका चिपमध्ये, ९ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर.

ही चिप मोजते कशी ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. समजा शेतातल्या हौदात एक नळ पडतोय आणि त्याची धार किती ते तुम्हाला मोजायचंय. नळ ठरावीक वेळ, समजा हजार टिचक्या, हौदात सोडायचा. मग नळ बंद करून खालची तोटी उघडायची, जिची धार तुम्हाला पक्की माहीत आहे, आणि हौद रिकामा व्हायला किती टिचक्या लागतात ते मोजायचं. पाचशे लागल्या तर नळाची धार तोटीच्या निम्मी. गंमत ही की हौद केवढा आहे याने काही फरक पडत नाही! तुमच्या टिचक्या जरा हळू असतील तरी चालतं, कारण भरताना आणि रिकामं करताना दोन्हीकडे त्याच टिचक्या. म्हणजे स्वस्तातला कपॅसिटर आणि स्वस्तातलं घड्याळ वापरूनही उत्तर बरोबर येतं. फक्त ती एक तोटी, म्हणजे संदर्भाचं व्होल्टेज, पक्की हवी. त्यातही भरण्याचा वेळ १०० मिलिसेकंद ठेवायचा, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झचे बरोबर पाच फेरे आणि अमेरिकेच्या ६० हर्ट्झचे सहा. वायरीतून घुसलेली मेन्सची घरघर आपोआप बाद. मी इतकं सुंदर डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये फार थोड्या वेळा पाहिलंय.

तात्यांच्या मीटरचा जन्म इथला. पुढे चीनमध्ये या चिपच्या नकला निघाल्या. पाय आणि डबी गेली, चिप थेट बोर्डावर चिकटवून वर काळ्या डांबरासारखा ठिपका. वेगळा स्विच गेला, बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवरून फिरणारा नॉब आला. असं एकेक करत किंमत उतरली ती दोनशे रुपयांवर. जी गोष्ट कपाटात कुलपात असायची, ती आता आठवडी बाजारात बॅटऱ्या आणि मोबाइलच्या कव्हरशेजारी मिळते.

आता निकाल. पुण्याला आल्यावर मी ऑफिसच्या हार्डवेअर टीममधल्या मित्राकडून स्टिकरवाला चांगला मीटर उसना आणला, तापकीर गल्लीतून एक टक्क्याचे रेझिस्टर आणि संदर्भ-व्होल्टेजचा एक तयार बोर्ड घेतला, आणि शनिवारची दुपार त्यात घालवली.

डीसी व्होल्टेज: बोर्डावर २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्ट मिळतात. पिवळ्याने दाखवले २.४९, ५.००, ७.४९ आणि ९.९९. मी दोनदा बघितलं. कागदावर लिहिलेला दावा अर्ध्या टक्क्याचा आहे, तो खरा ठरला.

रेझिस्टन्स: एक किलोओहमला ९९८, शंभर किलोला ९९.८. वायरींची टोकं एकमेकांना लावली की शून्याऐवजी ०.६ दाखवतो, कारण वायरी स्वस्तातल्या. तेवढे वजा करायचे.

एसी व्होल्टेज: घरातल्या प्लगवर चांगला मीटर २३३ म्हणाला, पिवळा २३०. इथे त्याचा दावा १.२ टक्के अधिक दहा अंकांचा, त्यामुळे पास. पण जुन्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर लावल्यावर चांगल्याने २२५ दाखवले आणि पिवळ्याने २५०. कारण पिवळा लाटेची सरासरी मोजतो आणि ती साइन वेव्ह असेल असं गृहीत धरून आकडा फुगवतो. म्हणजे लाइनवर त्याच्यावर विश्वास ठेवा, इन्व्हर्टरवर नको.

बॅटरी: मुद्दाम उतरलेली बॅटरी घातली, तर आकडे वर सरकायला लागले. ही त्याची वाईट खोड. बॅटरीचं चिन्ह दिसलं की तो जे बोलेल ते ऐकायचं नाही.

तर तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर: मीटर खरं बोलतो. तात्यांनी मोटर बंद असताना दोन फेजमध्ये ३४० मोजले होते आणि चालू असताना ३१८. १९५६च्या भारतीय वीज नियमांत सहा टक्के इकडे-तिकडे चालतील असं म्हटलं होतं. ४१५चे सहा टक्के धरले तर खालची हद्द ३९० येते. पिवळा कितीही चुकला तरी ३४०वर चौदा व्होल्टच्या आसपास चुकेल. इथे खड्डा आहे पन्नासचा. म्हणजे या वादापुरता दोनशे रुपयांचा मीटर पुरेसा आहे. मोटर भरणारा खरं बोलत होता.

इथे लेख संपवायला हरकत नव्हती. पण एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

पाडव्याच्या आदल्या रात्री मी त्याच मीटरवर ट्रॅक्टरचा दिवा किती करंट घेतो ते मोजलं होतं. करंट मोजायला लाल वायर मधल्या भोकातून काढून '१० ए' लिहिलेल्या भोकात लावावी लागते. मोजलं, मीटर खिशात टाकला, जेवलो, झोपलो. सकाळी थ्री फेज आली. तात्या मीटर घेऊन स्टार्टरकडे निघाले, मी मागून. त्यांनी नॉब बरोबर ७५० व्होल्ट एसीवर आणला, स्वतः वाचून खात्री केली. काळी वायर एका फेजवर टेकवली. लाल वायर दुसऱ्या फेजकडे नेताना माझी नजर मीटरच्या खालच्या बाजूला गेली.

"तात्या थांबा!" मी ओरडलो ते ऐकून शेजारच्या शेतातला माणूसही थांबला.

लाल वायर अजून १० ए च्या भोकातच होती. नॉब कुठेही असो, त्या भोकातून आत गेलं की मीटर मीटर राहत नाही. घरी येऊन मी मागचं झाकण उघडलं. त्या भोकापासून कॉमनच्या भोकापर्यंत जाडसर तारेचा एक तुकडा, यू आकाराचा. बस. फ्यूज नाही. म्हणजे तात्या ४१५ व्होल्टच्या दोन फेज हातातल्या तारेने जोडणार होते, आणि पलीकडे होती अख्खी डीपी. अशा वेळी शेकडो, कधी हजारो अँपिअर वाहतात. वायर वितळते, तांब्याची वाफ होते, आणि त्या वाफेतून ठिणगी पेटती राहते. तोंडापासून फूटभर अंतरावर.

चूक माझी होती. सरांचा दुसरा नियम मी मोडला होता, आणि तो मीटरला जपायला नव्हता हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

पुढचं झाकण उघडल्यावरच दिसतं. छोट्या करंटच्या रेंजला फ्यूज आहे, पण काचेचा. चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेला सिरॅमिकचा असतो, तो आतल्या आत ठिणगी विझवतो, काचेचा फुटतो. लाइनवर वीज कडाडली की किंवा मोठी मोटर बंद झाली की क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येतो. आयईसी ६१०१० या मानकाप्रमाणे 'कॅट थ्री ६०० व्होल्ट' म्हणवणाऱ्या मीटरने ६००० व्होल्टचा झटका सहन करायला हवा. पिवळ्याच्या आत तसा झटका अडवणारा एकही भाग नाही. दोन भोकांमधलं अंतरही तुटपुंजं. वर मात्र '७५० व्होल्ट' ठळक छापलेलं.

म्हणजे काय झालं बघा. शंभर वर्षांत अचूकपणा स्वस्त झाला, अगदी दोनशे रुपयांत अर्ध्या टक्क्यापर्यंत. कारण अचूकपणा चिपमध्ये आहे आणि चिप छापता येते. पण सुरक्षितता चिपमध्ये नसते. ती जाड प्लास्टिकमध्ये, दोन भोकांमधल्या अंतरात, वाळूच्या फ्यूजमध्ये असते, आणि या गोष्टी १९२३ साली जेवढ्या लागत होत्या तेवढ्याच आजही लागतात. मॅकाडीच्या मीटरमधला टक्क करून उडणारा कट-आउट कुठे गेला? किंमत उतरवताना गेला. आणि तो गेल्याचं स्क्रीनवर दिसत नाही. तिथे आकडा बरोबरच येतो. आपल्या धंद्यातही हेच होतं, डेमो मस्त चालतो आणि एरर हँडलिंग नंतर करू म्हणून राहून जातं. फरक एवढाच की आपल्याकडे फार तर सर्व्हर पडतो.

मग तात्यांना मीटर वापरू नका म्हणायचं का? तेही मला पटेना. त्यांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आकडा आलाय, तो काढून घेऊन परत बल्बवर आणि दुसऱ्याच्या शब्दावर पाठवायचं? मी नाशिकचाच एक कॅट थ्री मीटर घेतला. पिवळ्याच्या दहापटीपेक्षा जास्त किंमत. तरी एकदा मोटर भरण्याच्या खर्चापेक्षा कमीच.

पुढच्या खेपेला तो घेऊन गेलो. पिवळ्याची १० ए ची भोकं मी एपॉक्सीने कायमची बुजवली आणि सांगितलं, हा फक्त बॅटरीला आणि घरातल्या सेलला. तात्यांनी त्याच्यावर स्केचपेनने 'लाईटला नाही' असं लिहिलं. आणि एक शंभर पानी वही घेतली. तारीख, वेळ, तिन्ही फेज, मोटर बंद असताना, चालू असताना. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, दोन्हीची नोंद.

दोन महिन्यांची वही झाल्यावर त्यांनी झेरॉक्स काढून अर्जाला जोडली. डीपी अजून बदललेली नाही, खोटं कशाला सांगू. पण लाईनमन आता 'व्होल्टेज बरोबर हाय' म्हणत नाही. तो म्हणतो, "तात्या, आज किती हाय?"

परवा फोन केला तेव्हा विचारलं, मोटर कशी आहे. "चालू हाय की. साडेतीनशेच्या खाली गेलं की टाकतच नाही." बरेच दिवस झाले, भरावी लागलेली नाही.

तुमच्या घरी कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये असा पिवळा मीटर असणारच. कॉलेजच्या प्रोजेक्टला घेतलेला. आज जमलं तर काढून बघा, लाल वायर कुठल्या भोकात आहे ते.